साध्या शेपटीची पिल्लं

बसने करकचून ब्रेक मारला आणि नातवाचा डावा हात आजोबांच्या तळहातात येऊन पडला. पडला म्हणजे त्याने आधारासाठी धरलं, शेजारी बसलेलं कुठलंही मूल धरतं तसं. एवढंच झालं. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून कुणाचा तरी बाप काढला, उभी माणसं एकमेकांवर कलंडून पुन्हा सरळ झाली आणि बस पुढे निघाली. पण आजोबांच्या दंडावर आलेला काटा मानेपर्यंत चढला आणि तिथेच थांबला. त्या हाताची मधली तीन बोटं एकमेकांना जोडलेली होती. वर एकच कातडं, आणि टोकाला तिघांचं मिळून एकच रुंद, पन्हळीसारखं नख. आत हाडंही एकमेकांत मिसळली आहेत, कापून वेगळी केली तर एकही बोट धड राहणार नाही, असं दोन डॉक्टरांनी वेगवेगळं सांगितलं होतं. हात गरम होता. घामाने ओला होता. सहा वर्षांत आजोबांनी तो कधी धरला नव्हता. उजवा धरला होता. रस्ता ओलांडताना, जिने उतरताना ते न ठरवता मुलाच्या उजव्या अंगाला जात. इतक्या सवयीने, की आपण तसं करतो हेही त्यांना कळेनासं झालं होतं. आज खिडकीच्या जागेवरून दोन्ही नातवंडांचं भांडण झालं आणि त्यात सगळ्यांच्या बाजू उलट्यापालट्या झाल्या.

आजोबांनी हात सोडवला. रुमाल काढला, नाक पुसल्यासारखं केलं आणि मग उगाच पुसावा तसा तळहात पुसला. समोरच्या आडव्या बाकावर, तोंड त्यांच्याकडे करून, थोरली नात बसली होती. अकरा वर्षांची. तिने रुमाल पाहिला, आजोबांचा तळहात पाहिला, आणि मग खिडकीबाहेर पाहू लागली. धाकट्याच्या काही लक्षात आलं नाही. तो म्हणाला, "आजोबा, तिथे शार्क असेल?"

"घरात ठेवायच्या माशांत शार्क कुठला?"

"छोटा?"

"छोटाही नाही."

"मग मोठा तरी असेल," असं म्हणून त्याने तो विषय स्वतःपुरता मिटवला.

आजचा दिवस आजोबांनी मागून घेतला होता. बायको होती तोवर नातवंडं घरी यायची ती तिची म्हणून. तिला जाऊन दीड वर्ष झालं, पोरांचं येणं थांबलं, तेव्हा त्यांना उमगलं की इतकी वर्षं आपण त्या घरातल्या टेबलासारखे होतो. पोरं वळसा घालून आजीकडे जायची. आता संध्याकाळी ते रेडिओ लावून जेवत आणि भांडी घासेपर्यंत तो बंद करत नसत, कारण बंद केला की नळाचा आवाज फार मोठा व्हायचा. तीन आठवड्यांपूर्वी लेकीकडे जाऊन ते म्हणाले होते, "दर रविवारी पोरांना माझ्याकडे दे. तुलाही उसंत मिळेल." लेक ओटा पुसत होती. "मला उसंत नकोय, बाबा," ती म्हणाली. ओटा कोरडा झाल्यावरही ती पुसत राहिली. मग म्हणाली, "एक रविवार न्या. नंतर मी बघते. पाचला घरी आणायचं. आणि..." ते 'आणि' तिने पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. माशांची जागा थोरलीने शोधून काढली होती. तिच्याकडे काचेची एक पेटी होती, आणि त्यातले मासे का मरतात याची ती वहीत नोंद ठेवत असे.

फाटकावर पाटी होती: 'रंगीत मासे. घाऊक आणि किरकोळ. रविवारी पाहायला मोकळं. मुलांनी विचारल्याशिवाय पाण्यात हात घालू नये, विचारून घालावा.' आत पत्र्याची लांब शेड, दोन्ही बाजूंना कमरेइतक्या उंच सिमेंटच्या टाक्या, वरून गेलेल्या नळ्या आणि हवा सोडणाऱ्या यंत्राची एकसुरी घरघर. वास दोन थरांत आला. आधी शेवाळाचा, कोमट, सहन होणारा. आणि त्याच्याखाली दुसरा, भिजत ठेवून विसरलेल्या कपड्यांचा, जो नाकात न राहता जिभेच्या मुळाशी जाऊन बसला. मालक पुढे आला. पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोट सुखी. "या, या! पायाखाली बघून चाला, इथं आमचेच पाय घसरतात. बायको दोनदा पडलीय." लांबच्या टाकीवर वाकलेली त्याची बायको न वळताच म्हणाली, "आणि तुम्ही चारदा. ते नाही सांगत."

एका भिंतीला फळ्यांवर बाटल्या होत्या. शेकडो. कसल्या ना कसल्या पेयाच्या, वापरून झालेल्या, लेबलं खरवडलेल्या. प्रत्येकीत एक मासा, अंगठ्याएवढा, रेशमी झालर लावल्यासारखा. दर दोन बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. "हे लढवय्ये," मालक म्हणाला. "पुठ्ठा काढला की गळा फुगवतात. दिवसभर दुसरा दिसत राहिला तर दिवसभर फुगवतील आणि खायचं विसरतील." त्याने एक पुठ्ठा उचलून दाखवला. धाकटा आनंदाने ओरडला. आजोबांनी मासे पाहिलेच नाहीत. त्यांनी बाटल्या पाहिल्या. तिसरीची मान कलती. सातवीच्या खांद्यात बुडबुडा. खालच्या रांगेत एकीच्या तळाशी केसाएवढी चीर, जी ओळखीच्या माणसालाच दिसावी. चौतीस वर्षं ते काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासत होते. पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, मागे पांढरा उजेड, मिनिटाला साठ. डोळा ठरवायचा, अंगठा मानेला आकडीसारखा अडकायचा आणि बाटली बादच्या खोक्यात. डोळे थकतात म्हणून दर वीस मिनिटांनी माणूस बदलायचा नियम होता. आजोबा चाळीस मिनिटं बसू शकत. त्यांच्या हाताखाली चुकीची बाटली कधी पुढे गेली नाही, असं निरोपाच्या समारंभात साहेब म्हणाले होते, आणि ते खरं होतं. चांगल्या किती बाद झाल्या, ही दुसरी बाजू साहेबांनी विचारली नव्हती.

पुढे एका तोटीखाली, पाण्याच्या बारीक धारेत, उथळ तसराळ्यात लाल लोकरीच्या गुंड्यासारखं काहीतरी होतं. मालकाने ते मुठीत उचललं. गुंडा हलला. तो गुंडा नव्हता, हजारो बारीक अळ्या होत्या, केसांसारख्या, एकमेकींत घुसणाऱ्या, आणि मुठीच्या फटींतून त्यांची टोकं बाहेर येऊन हवेत वळवळत होती. "हे यांचं पक्वान्न. धरणार?" धाकट्याने डावा हात पुढे केला. आजोबा "नको" म्हणेपर्यंत मालकाने त्यात चिमूट सोडली होती. जोडलेल्या बोटांच्या खळग्यात लाल गोळी पसरली, पातळ झाली, कडेला चढू लागली. मुलगा खदखदून हसत होता. "गुदगुल्या! ताई, बघ, गुदगुल्या!" आजोबांना घशाशी आंबट आलं. ते त्यांनी गिळलं, आणि मनात आलं की उजव्या हातावर असत्या तर एवढं वाटलं नसतं. हा विचार त्यांनी केला नव्हता, तो आला. नको असलेला पाहुणा येऊन पाय पसरून बसतो तसा तो बसून राहिला.

मालकाने आणखी एक टाकी दाखवली. त्यातल्या जाड, केशरी माशांच्या दोन्ही डोळ्यांखाली पाण्याने भरलेल्या पिशव्या लोंबत होत्या, पोहताना डुचमळत होत्या, आणि त्यांच्या वजनाने मासे थोडे तोंडावर पडल्यासारखे चालले होते.

"यांना दिसतं का?" थोरलीने विचारलं.

"वरचं दिसतं. खालचं काय बघायचंय त्यांना?"

"जन्मतःच असे?"

"निवडून निवडून असे केलेत. आमच्या आजोबांच्या आधीपासून कुणी कुणी. सगळ्यात महाग हेच."

थोरलीने वहीत लिहिलं. आजोबांना त्या पिशव्या फोडाव्याशा वाटल्या, सुईने, आणि त्यातून काय निघेल याची कल्पना येऊन ते चटकन पुढे झाले.

शेडच्या टोकाला, छपरातल्या काचेतून उजेड पडे तिथे, मालकाची आई बुटक्या चौरंगावर बसली होती. तिला घरचे, दारचे, गिऱ्हाइकं, सगळेच मोठी आई म्हणत. सुरकुत्यांनी बारीक झालेली बाई, पण डोळे लख्ख. पुढ्यात पांढरी मुलाम्याची थाळी, तिच्यात बोटभर पाणी, आणि पाण्यात तीन आठवड्यांची पिल्लं, अर्ध्या नखाएवढी. उजव्या हातात चहाचा चमचा, डाव्यात कोंबडीचं पीस. पिसाने ती पिल्लाला उजेडात ढकलायची, वरून पाहायची, आणि चमच्याने एकतर बादलीत नाहीतर टमरेलात. मधे थांबणं नाही. आजोबा पाहत राहिले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना इथलं काही कळलं.

"वरून शेपटी बघायची," ती पोरांना सांगू लागली. "चिमट्यासारखी फाकलेली असली तर बादली. एकच रेघ असली, साधी, तर टमरेल."

"साधी म्हणजे नदीतल्या माशाला असते तशी?" थोरली म्हणाली.

"अगदी तशी."

"म्हणजे जी बरोबर ती बाद?"

"गिऱ्हाईक म्हणेल ते बरोबर, बाई. नदीतला मासा पेटीत ठेवायला कोण पैसे देतं?" मग तिने वर पाहिलं. "आजोबा, टक लावून बघताय. येतं का काही? बसता? का चाळिशी लागते?"

हे बोलणं थट्टेचं होतं, पण ते वर्मी लागलं. आजोबा बसले. दुसरा चौरंग आला, दुसरी थाळी आली. पहिली दहा पिल्लं अडखळत गेली. ती हलत होती, बाटल्या जागच्या जागी असत. मग लय सापडली. वर बघणं नाही, ठरवणंसुद्धा नाही. डोळा आणि अंगठा यांच्यामध्ये जो माणूस असतो तो उठून बाजूला होतो, आणि काम चालू राहतं. रेघ, टमरेल. चिमटा, बादली. चिमटा, पण शेपटीचं एक पाख आखूड: टमरेल. चिमटा, पण अंग बारीक: टमरेल. त्यांना सुख होत होतं. किती वर्षांनी होत होतं. हवेच्या यंत्राची घरघर कारखान्याच्या पट्ट्यासारखी झाली, वास नाहीसा झाला, पाठीची कळ गेली. कारखान्यात बादच्या खोक्यातली काच फुटून पुन्हा भट्टीत जात असे. वितळायची, पुन्हा बाटली होऊन यायची, त्याच पट्ट्यावर. कुणाचं काही जात नव्हतं. बाद करण्यात दुष्टपणा नव्हता, असलाच तर एक प्रकारचा धीर होता: ही नाही ना जमली, दुसरी होईल. आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात, पाच महिन्यांची गरोदर लेक पाण्याचं भांडं हातात धरून बाकावर बसलेली, सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसलेला तो न उमलणारा हात डॉक्टरांनी नुकताच समजावून सांगितलेला, तेव्हा ते याच धीराने, अगदी मायेने म्हणाले होते, "वेळ आहे अजून. एवढं कळलंय, तर ठेवायचं कशाला? दुसरं होईल की." लेकीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. भांड्यातलं पाणी संपवलं, भांडं बाकाखाली सरकवलं आणि उठून जिन्याकडे गेली. बायकोने त्यांचा दंड असा धरला होता, की चार दिवस तिथे चार बोटांचे निळे डाग होते. आपलं काय चुकलं हे त्यांना तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं ते एवढंच, की बोलायला नको होतं.

"ही बाद ना, आजोबा?"

धाकटा थाळीच्या कडेला येऊन उकिडवा बसला होता. एका पिल्लाकडे बोट करत होता, साध्या शेपटीच्या. "हिची फाटलेली नाहीये. माझ्यासारखी. जोडलेली." आणि तुलना नीट व्हावी म्हणून त्याने डावा हात थाळीच्या कडेवर ठेवला, पालथा, उजेडात. नखाच्या पन्हळीत लाल अळीचा तुकडा अडकला होता आणि अजून हलत होता. आजोबांचा डोळा वेगात होता. तो थाळीवरून सरकला, त्या हातावर आला, आणि त्यांच्या अंगठ्याने चमचा वळवला. टमरेलाच्या बाजूला. अर्ध्या बोटाइतका, जास्त नाही. मग तो थांबला, परत आला, आणि त्यांनी चमच्यात काही असल्यासारखं पाणी ओतून टाकलं.

"शाळेत मला बदक म्हणतात," धाकटा मोठ्या आईला सांगत होता. "पण पोहताना मीच पुढे असतो. सर म्हणतात, तुला फुकटचं वल्हं मिळालंय."

"मग काय!" मोठी आई म्हणाली. "आम्ही इथं पाण्यात जन्म काढला, आम्हाला कुणी दिलं नाही."

आजोबांनी मान वर केली तेव्हा थोरली चमच्याकडे पाहत होती. मग त्यांच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वहीत लिहिताना असतो तो चेहरा होता.

मोठ्या आईने आजोबांचं टमरेल उचलून उजेडात धरलं. कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय केलंत? ही फाकलेली आहेत की."

"एक पाख आखूड आहे त्यांची. आणि ती दोन अंगाने बारीक."

"तीन आठवड्यांची आहेत ती!"

"दोष दिसला की काढायचा," आजोबा म्हणाले. आपला आवाज कारखान्यातला आहे हे त्यांना ऐकू आलं.

"अहो आजोबा, वाढतात ती. पुढच्या महिन्यात पाख बरोबरीला येतं, बारकं खाऊन जाड होतं. आज दिसतंय ते कायमचं थोडंच असतं? भांडी निवडताय का तुम्ही?" ती हसली, सुनेला हाक मारून म्हणाली, "ये गं, बघ, यांनी निम्मं घर साफ केलं!" सून आली, तीही हसली, आणि दोघी टमरेलातून पिल्लं परत वेचू लागल्या. धाकट्याला चमचा दिला. तो जीभ बाहेर काढून, एकेक मोजत, चांगली परत बादलीत टाकत होता. "एक्केचाळीस," शेवटी तो म्हणाला. "आजोबांनी एक्केचाळीस चुकवली." त्यात टोमणा नव्हता. तो फक्त आकडा होता, आणि आजोबांना तो थोबाडीत बसल्यासारखा वाटला. चौतीस वर्षांतल्या बादच्या खोक्यांत कुणी कधी परत हात घातला नव्हता.

टमरेलात साध्या शेपटीची राहिली. शंभरेक असतील. आजोबा उठले आणि टमरेल मालकाकडे देऊ लागले. मालकाने दोन्ही हात मागे घेतले. "अंहं. आमच्याकडे ज्यानं निवडलं त्यानंच न्यायचं."

"कुठे?"

"मागच्या कुंडात. मिशाळ मासे आहेत तिथे, त्यांना."

"तुम्हीच टाका की. मी पाहुणा माणूस."

मोठी आई आता हसत नव्हती. "माझा नवरा निवडायचा आणि टाकायला मी जायचे," ती म्हणाली. "त्याचा हात सैल झाला. रोज टमरेल जड. टाकायला आपल्याला जायचं नसलं की माणूस काहीही काढतो. एकदा सबंध वीण काढली, पंधराशे पिल्लं, रंग फिका म्हणून. तेव्हापासून हा नियम आहे. पाहुण्यालाही आहे. फार नाही, वीस पावलं आहेत."

वीस पावलंच होती. धाकटा पुढे उड्या मारत गेला, थोरली मागून आली. कुंड गोल होतं, पाणी चहासारखं, वर तेलकट साय. आजोबा कठड्याशी उभे राहिले. पावलांच्या आवाजानेच पाणी फुगलं आणि तोंडं वर आली. आधी तोंडंच, रुंद, चपटी, कातड्याची, मिशांची, एकमेकांवर चढलेली, उघडी. त्यांचा आवाज होत होता, चिखलातून पाय काढताना होतो तसा. डोळे इतके बारीक की नसल्यासारखे. आजोबांना वाटलं, टमरेल तसंच परत न्यावं. मग वाटलं, परत नेऊन काय, ती म्हातारी दुसऱ्या कुणाकडून हेच करवेल, आणि आपण न टाकणारे म्हणून घरी जाऊ. काढा म्हणून सांगून स्वतः न टाकणारे ते एकदा राहिले होतेच, दवाखान्याच्या व्हरांड्यात. त्यांनी टमरेल उलटं केलं. पाण्याबरोबर चमकता भुगा पडला, तोंडं मिटली, उघडली, आणि काही उरलं नाही. एका क्षणात. गिळल्याचंही दिसलं नाही.

टमरेलाच्या बुडाशी दोन-तीन चिकटून राहिली होती. "मी काढतो," म्हणून धाकट्याने डावा हात आत घातला, जोडलेल्या बोटांची पळी केली आणि पाण्यासकट एक पिल्लू बाहेर काढलं. "आजोबा, बघा. माझ्या हातातून पाणी गळत नाही. ताईच्या गळतं." खरंच गळत नव्हतं. त्या खळग्यात पिल्लू गोल फिरत होतं, साधी शेपटी हलवत, अगदी धडधाकट. आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं आजोबांना वाटलं. छाती भरून यायला हवी, असलं काही. ते वाट पाहत राहिले. छाती भरून आली नाही. आली ती तीच किळस, ओली, कोमट, बसमधली. मुलाने हात कठड्याबाहेर नेला, बोटं किंचित कलती केली आणि पिल्लू एका उघड्या तोंडात बरोबर सोडलं. "गोल!" तो ओरडला.

आजोबा शेडच्या मागे जाऊन ओकले. सकाळचा चहा, आणि नंतर नुसतं पिवळं पाणी. पाण्याची बाटली पुढे आली, थोरली होती. त्यांनी चूळ भरली.

"वास फार आहे इथे," ते म्हणाले.

"हो." ती उभीच राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला त्याच्या हाताची किळस येते ना, आजोबा?"

नाही म्हणायला लागतो तेवढा वेळ निघून गेला. पलीकडून धाकट्याचा आणि मालकाचा हसण्याचा आवाज येत होता. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही बसमध्ये रुमाल काढलात. आणि चमचा." तिने तो कसा वळला ते स्वतःच्या हाताने करून दाखवलं, नेमकं, अर्धं बोट. "आईला नाही सांगणार. म्हणजे तिने विचारलं नाही तर."

"आणि विचारलं तर?"

"तर सांगेन."

ती बुटाने गवतावर माती सरकवत होती, त्यांनी ओकलं होतं ते झाकत होती. "मलाही यायची," ती म्हणाली. "तो बाळ होता तेव्हा. मी त्याच्या हातावर मोजा घालायचे."

"मग गेली?"

तिने विचार केला. "माहीत नाही. दर रविवारी त्याची नखं मी कापते. ते एक नख आत वळतं, तिथे मळ साठतो, वास येतो. मधे खूप जपून कापावं लागतं, नाहीतर रक्त येतं. कापताना किळस आहे का नाही, ते बघायला वेळच नसतो."

परतीच्या बसमध्ये धाकटा थोरलीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि आपण पाहत नाही आहोत हे त्यांना सबंध वाटभर कळत राहिलं. त्यांच्या हातांना माशांचा वास येत होता. त्यांनी रुमाल काढला नाही.

पाचला पाच मिनिटं असताना लेकीने दार उघडलं. धाकट्याने चपला काढायच्या आत सगळं सांगून टाकलं: बाटल्या, अळ्या, पिशव्यांचे डोळे, मिशीवाले. "आणि आई, आजोबांनी एक्केचाळीस चुकवली आणि आजोबा ओकले!" लेकीने बापाकडे पाहिलं. तिच्या तोंडावर जे आलं ते हसू होतं. बऱ्याच वर्षांनी आलेलं, म्हणून थोडं अडखळलेलं. "बसा ना, बाबा. चहा टाकते. मजा आली म्हणायची पोरांना." मग गॅस पेटवताना, पाठमोरीच, "पुढच्या रविवारी काही ठरवलंय का?"

हेच हवं होतं. यासाठीच ते तीन आठवडे शब्द जुळवत होते, यासाठीच सकाळी दाढी दोनदा केली होती. काही नाही, असं म्हटलं की झालं. दर रविवार त्यांचा. पण ते तिच्या पाठीकडे पाहत राहिले. त्यांना एवढंच दिसत होतं, की तो रुमाल आणि तो चमचा तिला ठाऊक नाही.

थोरली आतून नेलकटर घेऊन आली. धाकट्याला तिने हात धुवायला लावले होते. आजोबांच्या समोर स्टुलावर तिने त्याला बसवलं, त्याचा डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि नेलकटर पुढे केलं. "आई," ती म्हणाली, "आज नखं आजोबा कापणार."

लेक वळली. हातात गाळणं तसंच राहिलं. तिने आधी मुलीकडे पाहिलं, मग बापाकडे. नको म्हणाली नाही. चहा उतू जाऊ लागला तेव्हा न पाहता मागे हात नेऊन तिने गॅस बंद केला.

आजोबांनी तो हात उचलला. दोन बोटांच्या चिमटीत, मनगटापाशी, मेलेलं काही शेपटीला धरून उचलतात तसा. धुतला होता तरी पन्हळीच्या तळाशी हिरवट रेघ होती, आणि तिला कुंडाचा वास होता. नख मधे दोनदा वळत होतं, कुठून धरायचं ते समजत नव्हतं. त्यांनी नेलकटर लावलं. हात हलला. किळस गेली नव्हती. ती घशात होती, दातांत होती, आणि आता ती सगळ्यांसमोर होती.

"ताई असं नाही धरत," धाकटा म्हणाला.

"मग कशी धरते?"

"घट्ट. असं सोडून धरलं की हलतं, आणि मग मला लागतं."

आजोबांनी नेलकटर खाली ठेवलं. तिन्ही बोटांखाली आपला तळहात नेला, वरून अंगठा दाबला. कातडं ओलं होतं. आत हाडाचा एक जाड, वाकडा दांडा लागला, आणि त्याच्या कडेला कुठेतरी नाडी. त्यांनी नेलकटर पुन्हा उचललं आणि विचारलं, "सुरुवात कुठल्या टोकाकडून?"

दारातून लेक म्हणाली, "करंगळीकडून, बाबा. आणि मधे थांबा जरा, तिथे वळतं ते."